बारा कोयते

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर तेच दृश्य पुन्हा दिसायला लागतं. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, बांबू, ताडपत्र्या, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्या पसाऱ्यावर जागा करून बसलेली माणसं. तोंड पश्चिमेकडे. सातारा, सांगली, कोल्हापूर, काही तर थेट कर्नाटकात.

पाटोद्याच्या अलीकडे चहाच्या टपरीवर अशीच एक गाडी थांबली होती. मुकादम शेजारी बसलेला होता, म्हणून सहज विचारलं, किती माणसं घेऊन निघालात?

"बारा कोयते," तो म्हणाला.

नाही, माणसं किती? यावर तो जरा थांबला. मनात काहीतरी जुळवलं. "चोवीस धरा. अन् पोरं येगळी."

ऊसतोडीच्या धंद्यात कोयता हे हत्यार आहेच, पण त्याआधी ते हिशेबाचं माप आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाप्या एकटाच आला तर अर्धा. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, टोळी कोयत्यांवर मोजतात, कारखान्याशी करार कोयत्यांचा होतो. लग्न झाल्याशिवाय पोराचा पूर्ण कोयता होत नाही आणि पूर्ण उचल मिळत नाही. त्या भागात लग्नं लवकर का उरकतात, याच्या अनेक कारणांपैकी हे एक रोकडं कारण. बाईचं वेगळं खातं नाही, वेगळी मजुरी नाही. ती पहाटे उठून भाकरी थापते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते आणि हिशेबात जोडीचा अर्धा भाग म्हणून उरते.

माणूस ही संपत्ती आहे, असं आपण भाषणांत ऐकतो. मोजायची वेळ आली की ती कशी मोजतात, हे या कोयत्यात दिसतं.

माणसाची किंमत काढायचा उद्योग तसा जुना. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम पेटी नावाच्या गृहस्थाने सगळ्या देशातल्या माणसांची पैशात किंमत काढून पाहिली होती. १७७६ साली अॅडम स्मिथने देशाच्या स्थिर भांडवलात यंत्रं, इमारती, सुधारलेली जमीन यांच्या रांगेत लोकांनी कमावलेलं कसब बसवलं. खर्च करून शिकलेला माणूस त्याला महागड्या यंत्रासारखा वाटला. शिकण्यात गेलेला वेळ आणि पैसा पुढे वसूल व्हायलाच हवा, म्हणून कसबी माणसाची मजुरी जास्त. पण यानंतर जवळपास दोनशे वर्षं अर्थशास्त्राने मजूर म्हणजे मजूर, एकासारखा दुसरा, असं धरून गणितं मांडली. टनात जसा ऊस, तशी तासांत मेहनत.

हा समज मोडला तो मुख्यतः थिओडोर शुल्ट्झ यांनी. अमेरिकेतल्या साउथ डकोटातल्या शेतावर वाढलेला हा माणूस. १९६० च्या डिसेंबरात अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून त्यांनी जे भाषण केलं, त्याचा विषयच मानवी भांडवलातली गुंतवणूक हा होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपानचे कारखाने बेचिराख झाले, तरी ते देश अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर उभे राहिले. कारण यंत्रं जळाली, ती चालवणारी विद्या माणसांच्या डोक्यात आणि हातांत शाबूत होती. शाळा, आरोग्य, कामावरचं शिक्षण, चांगल्या कामासाठी गाव सोडून जाणं, या सगळ्यावरचा पैसा हा खर्च नसून गुंतवणूक आहे, हे त्यांचं म्हणणं. गॅरी बेकर यांचं 'ह्यूमन कॅपिटल' हे पुस्तक १९६४ साली आलं. त्या नावावरून तेव्हा बराच गहजब झाला. माणसाला भांडवल म्हणणं म्हणजे त्याला गुलामाच्या पंगतीला बसवणं, असं लोकांना वाटे, आणि खुद्द बेकर यांनीही ते नाव द्यावं की नाही यावर पुष्कळ विचार केला होता. शुल्ट्झना १९७९ मध्ये नोबेल मिळालं, बेकरना १९९२ मध्ये.

शुल्ट्झ यांचा एक दाखला आपल्याकडचा आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. त्या काळात पंडितांचं मत असं की हिंदुस्थानसारख्या देशात शेतीवर माणसांची इतकी गर्दी आहे, की काही उचलून दुसरीकडे नेली तरी पिकाला काडीचा फरक पडणार नाही. म्हणजे ती माणसं फुकटच. शुल्ट्झ यांनी याच्या पडताळ्यासाठी १९१८ ची साथ निवडली. त्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला आणि रेल्वेच्या वाटेने देशभर पसरला. एक कोटीहून अधिक माणसं गेली, त्यांत ऐन कर्त्या वयाची सर्वांत जास्त. जनावरं राहिली, जमीन राहिली, विहिरी राहिल्या. माणसं खरोखर फालतू असती तर पेरा तेवढाच व्हायला हवा होता. तो घटला. शुल्ट्झ यांच्या हिशेबाने शेतीतले सुमारे ८ टक्के हात गेले आणि १९१९-२० चा पेरा साथीआधीच्या वर्षापेक्षा जवळजवळ ४ टक्क्यांनी उतरला. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये या हिशेबावर नेमके आक्षेप घेतले आणि वाद बराच चालला. पण 'जास्तीची माणसं' हा शब्द त्यानंतर पूर्वीइतक्या सहज कोणाला वापरता आला नाही.

मानवी भांडवलाची खरी अडचण मात्र वेगळी आहे, आणि ती समजायला टोळीतल्या उचलीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

भांडवल म्हटलं की ते विकता येतं, भाड्याने देता येतं, गहाण टाकता येतं. शेतकऱ्याने विहिरीसाठी कर्ज मागितलं तर बँक सातबारा पाहते. ट्रॅक्टर घेतला तर ट्रॅक्टरच तारण. पण पोरीला परिचारिका व्हायचंय, तिच्या शिक्षणाला पैसे द्या, असं म्हणून गेलात तर बँक तारण म्हणून काय ठेवून घेणार? तिचं कसब तिच्यातून काढता येत नाही. हप्ते थकले तर ते जप्त करून लिलाव पुकारता येत नाही. म्हणून शिक्षणाचं मोठं कर्ज बहुधा बापाच्या घरावर किंवा जामीनदाराच्या पगारावर निघतं. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ च्या एका निबंधात हे स्पष्ट लिहून ठेवलंय: गुलामगिरी नसलेल्या समाजात माणसावर केलेल्या गुंतवणुकीला तारण नसतं, म्हणून बाजार ती गुंतवणूक हवी त्यापेक्षा कमी करतो. बाजारपेठेचा एवढा कैवारी माणूस हे म्हणतो, तेव्हा त्याकडे लक्ष द्यायला हवं.

आता उचल पाहा. इथे माणसावर पैसे मिळतात, तेही बिनकागदाचे, पावसाळ्यातच, घरपोच. पन्नास हजार, लाख, जोडी दणकट असेल तर त्याहून जास्त. तारण काय? येता हंगाम. म्हणजे नवरा-बायकोचे चार-पाच महिन्यांचे हात. बँकेला जे तारण घेता येत नाही, ते मुकादमाला घेता येतं. माणूस गहाण पडू शकतो तिथेच माणसावर बिनबोभाट कर्ज मिळतं, आणि ते मिळतं फक्त हातांवर, डोक्यावर कधीच नाही.

मासला म्हणून हिशेब मांडू. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साधारण ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडून, बांधून, वाहून गाडी भरली असं धरा. लाखाची उचल फिटायला २७३ टन लागतात, म्हणजे १३७ दिवस. एकही खाडा न करता. खाडा केला, ताप आला, पाळी आली, पोर आजारी पडलं, तर त्या दिवसाची मजुरी जातेच, वर दंडही लागतो. पाऊस कमी झाला, ऊस कमी निघाला आणि कारखान्याचा पट्टा शंभर दिवसांत पडला, तर कमाई ७३ हजारांची. उरलेले जवळपास २७ हजार पुढच्या वर्षाच्या खात्यावर. त्याला 'बाकी' म्हणतात. १९७६ सालापासून वेठबिगारी कायद्याने बंद आहे, आणि उचल घेणाऱ्याला कोणी वेठबिगार म्हणत नाही. तो फक्त दुसऱ्या टोळीत जाऊ शकत नाही.

या हिशेबात अजून एक रकाना नाही: घसारा. कारखाना आपल्या चरकाचा, बॉयलरचा, टर्बाइनचा घसारा दरवर्षी वहीत धरतो, कारण यंत्र झिजलं तर नवं त्यालाच घ्यायचंय. कोयता झिजला तर पुढच्या वर्षी दुसरा कोयता येतो. त्याची झीज कोणाच्याच वहीत चढत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांनी गदारोळ झाला, तेव्हा सरकारने पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहाजणींत एक. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत देशाचा आकडा तेव्हा ३ टक्क्यांच्या आसपास होता. डॉक्टरांचा लोभ, कॅन्सरची भीती घालणं, पालावर पाणी नसणं, आडोसा नसणं, अशी बरीच कारणं त्यात गुंतलेली आहेत. त्यातच खाड्याचा दंडही आहे. तिशीतली बाई ऑपरेशन करून महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा मोळी उचलते आणि पुढे पाठ, सांधे, हाडं यांची तक्रार जन्माला चिकटते. शेतीचा पंप असा वापरला तर मालक वेड्यात निघेल.

तारण नसलेल्या भांडवलात मग पैसा घालायचा कोणी? महाराष्ट्रात हा प्रश्न शुल्ट्झ यांच्या कितीतरी आधी, आणि कितीतरी रोखठोक भाषेत विचारला गेला. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. त्यातला मुद्दा निव्वळ जमाखर्चाचा होता. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा मोठ्या प्रमाणात रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. गुंतवणूक कोणाच्या पैशाने आणि नफा कोणाच्या घरी, हा प्रश्न त्यांनी सरळ मांडला. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ पर्यंत सक्तीचं शिक्षण राज्यभर नेलं. गोखल्यांचं १९११ चं विधेयक ब्रिटिशांच्या कायदेमंडळात पडलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिन्याला रुपयाचा दंड ठेवला. शाळा चुकवली म्हणून त्या काळचा एक रुपया! मुकादमाचा खाडा आठवतो ना? दंड तोच, फक्त दिशा उलटी.

आणि भाऊराव पाटील. हा माणूस आधी किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या कंदिलाच्या काचा विकत गावोगाव फिरला होता. अवजार शेतकऱ्याच्या गळी कसं उतरवायचं हे त्याला ठाऊक होतं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात त्याने रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात वसतिगृह. पोरं तिथे शेतात, बांधकामावर राबायची, स्वतःचं अन्न स्वतः कमवायची आणि शिकायची. कमवा आणि शिका. वसतिगृहातला दाणागोटा संपला तेव्हा त्याच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. तारण काय होतं तर ते. इथेही पोरांच्या हातांवरच शिक्षणाचा खर्च भागत होता, पण हातांच्या कमाईतून डोकं घडत होतं. उचलीत डोक्याचा संबंधच येत नाही.

याच पट्ट्यात पुढे साखरेचा पैसा आला. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना सुरू झाला, मग रांगच लागली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली आणि कारखान्यांच्या परिसरात कॉलेजं उभी राहिली. साखरेचं मानवी भांडवलात इतकं थेट रूपांतर जगात फार ठिकाणी झालं नसेल. बागायतदारांच्या मुलांची एक पिढी त्यातून पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेली. या कॉलेजांची टिंगल पुष्कळ झाली, देणग्यांवरून तर रास्तच झाली, पण त्यांनी गावं बदलली हेही खरं. फक्त कारखान्याच्या फाटकासमोरच्या माळावर दरवर्षी तोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या पडायच्या, त्या पडतच राहिल्या. कॉलेजची इमारत आणि कोपी यांच्यात एक रस्ता.

डोकं घडवायला नेहमी इमारत लागते असंही नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. बाळाला न्यूमोनिया झालाय का हे ओळखायचं तर श्वास मोजावे लागतात. ज्यांना साठपर्यंत आकडे मोजणं जड जातं त्यांच्यासाठी एक साधन केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळ धोक्यात. एवढंच. त्यासोबत बाळाला ऊब कशी द्यायची, औषध केव्हा, इंजेक्शन कसं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: प्रयोगाच्या ३९ गावांत तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. देशातल्या आशा कार्यकर्त्यांना बाळांच्या घरी पाठवण्यामागे याच कामाची प्रेरणा आहे. मला यात आकड्याइतकंच महत्त्व वाटतं ते त्या बाईच्या बदललेल्या जागेचं. सरपणाची मोळी आणणारी म्हणून गाव तिला ओळखत होतं, आता रात्री-अपरात्री दार ठोठावून बोलावतं. तिची विद्या कोणी उचल देऊन आपल्या नावावर करून घेऊ शकत नाही. मानवी भांडवल गहाण टाकता येत नाही ही अर्थशास्त्राची अडचण आहे खरी, पण ज्याच्याजवळ ते आहे त्याचं ते संरक्षणही आहे.

सेन यांनी यापुढे जाऊन आणखी एक भेद केला. शिकलेली बाई जास्त कमावते म्हणून शिक्षण हवं, हे ठीक. पण ती पेपर वाचू शकते, दवाखान्यात प्रश्न विचारू शकते, नको म्हणू शकते, हेही शिक्षणाचंच फळ आहे आणि ते टनात मोजता येत नाही. गर्भपिशवी काढायच्या कागदावर अंगठा उमटवण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते वाचता येणं, यातून राष्ट्रीय उत्पन्न किती वाढतं, कोण जाणे.

उरली पोरं, मुकादमाने वेगळी ठेवलेली. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला संपतो, म्हणजे शाळेचं दुसरं सत्र नेमकं कापलं जातं. पूर्वी कारखान्यांजवळ साखरशाळा चालत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलं नेहमीच्या शाळेतच हवीत असं ठरलं आणि त्या मागे पडल्या. मग गावातच हंगामी वसतिगृहं, आजी-आजोबांकडे मुलं ठेवायची सोय, जिथे जाल तिथल्या शाळेत दाखल व्हा म्हणून शिक्षण हमी कार्ड. यांतली हंगामी वसतिगृहं, जिथे जेवण वेळेवर आणि मास्तर मनाचा, तिथे पोरं खरोखर टिकतात. पण धाकट्याला सांभाळायला कोणीतरी फडावर लागतंच, आणि ती बहुधा थोरली मुलगी असते. जागतिक बँकेच्या २०२० च्या मानवी भांडवल निर्देशांकात भारतातलं मूल सरासरी ११.१ वर्षं शाळेत काढेल असं धरलं होतं, आणि प्रत्यक्षात पदरात पडणारं शिकणं ७.१ वर्षांचं. चार वर्षं वर्गात बसूनच वाया. फडावरच्या मुलीची वर्षं वर्गात न बसता जातात, तिचं नाव मात्र शाळेच्या पटावर तसंच राहतं.

टपरीवर मुकादमाने खिशातून वही काढली आणि ट्रॉलीकडे पाहून हाक मारली. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी कडेवरचं पोर सावरत उतरली. पोर तिने चुलत्याच्या मांडीवर टेकवलं, वही घेतली, पेन झटकलं. "माझं अक्षर लई वंगाळ," मुकादम मला म्हणाला, "हिचं बघा." खरंच, शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिणारीचं असतं तसं अक्षर होतं. पानाच्या डोक्यावर तारीख, कारखान्याचं नाव, खाली 'कोयते १२', मग एकेका जोडीपुढे उचल. सगळं तिच्याच हातचं. सातवीत आहे म्हणाली. शाळेत पुन्हा कधी जाशील, तर पाडव्यानंतर.

टपरीवाल्याने पंचवीस चहा आणि चार बिस्किटपुडे सांगितले. तिने ते लिहून घेतले, बेरीज केली, ती बरोबर आली. हे पैसे मुकादमाच्या खात्यावर चढतात की कोयत्यांच्या, हे विचारणार होतो, तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला.